अंदमान, पंधरा किलो आणि दोन मुलं

मुलांना घेऊन अंदमानला निघालेली ओळखीची मंडळी मला विचारतात ते हॉटेल कुठलं आणि बोट कुठली. त्याची उत्तरं कुठलाही ट्रॅव्हलवाला देईल. आम्हाला घाम फोडला तो सामानाने. या एकाच सहलीत विमान, बोट, गाडी, पुन्हा बोट असं सगळं येतं आणि प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी. म्हणून जसं झालं तसं क्रमाने लिहिते.

तिकिटं जुलै २०२४ मध्ये काढली. आम्ही पाच जण: मी, नवरा, सासूबाई, नऊ वर्षांची थोरली आणि नुकताच पाच पूर्ण झालेला धाकटा. पुण्याहून चेन्नई, तिथे विमान बदलून पोर्ट ब्लेअर. दिवाळीचा मोसम, त्यामुळे जाऊन-येऊन पाच जणांचे लाखाला थोडेच कमी पडले. दोन वर्षांपुढच्या मुलाला विमानात जवळपास पूर्णच भाडं पडतं. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की सामानही मोठ्यांइतकंच नेता येतं. आमच्या तिकिटावर माणशी पंधरा किलोची एकच बॅग विमानाच्या पोटात आणि सात किलोची एक हातात, असं लिहिलेलं होतं. 'एकच' हा शब्द नीट वाचा. पंधरा किलोच्या दोन छोट्या बॅगा केल्या तर दुसरीचे वेगळे पैसे लागतात आणि वजन वाढलं तर तेव्हा किलोमागे पाचशे-सहाशे रुपये होते. पाचही जणांचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असेल तर वजन एकत्र धरतात, म्हणजे एक बॅग अठरा आणि दुसरी बारा किलोची असली तरी चालतं. म्हणून तिकिटं वेगवेगळी काढू नका.

सामानाच्या आधी कागद. धाकट्याचं आधार निळं होतं, म्हणजे बाल आधार. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या या आधारात बोटांचे ठसे नसतात, ते आई-बाबांपैकी एकाच्या आधारला जोडलेलं असतं. पाच पूर्ण झाली की ठसे, बुबुळं आणि नवा फोटो द्यायचा. पाच ते सात या वयात केलं तर त्याचे पैसे पडत नाहीत. विमानतळावर आई-वडिलांबरोबरच्या मुलाचं ओळखपत्र सहसा कोणी मागत नाही, पण अंदमानात बाराटांग या बेटावरच्या गुहा बघायला जायचं तर वाटेतल्या चेकपोस्टवर प्रत्येकाची माहिती भरून द्यावी लागते. म्हटलं, हे काम आत्ताच उरकू.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी साडेआठला आधार केंद्रावर पोचलो, तर पायऱ्यांपर्यंत रांग. टोकन घेतलं, नंबर आला सव्वाअकराला. तोपर्यंत बरोबरची राजगिऱ्याची चिक्की संपली होती आणि धाकटा बाकाखाली आडवा झाला होता. त्याच्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. केंद्रावरच्या ताई अनुभवी होत्या. त्यांनी ओल्या रुमालाने त्याची चिकट बोटं एकेक करून पुसली, कोरडी केली आणि म्हणाल्या, "आता दाब, डोअरबेल दाबतोस ना तशी." पुढच्या मिनिटात काम झालं. अपडेट झाल्याचा मेसेज साधारण दोन आठवड्यांनी आला. जमलं तर शनिवार टाळा, आणि मुलाला चिक्की ठसे देऊन झाल्यावरच द्या.

सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचं नाव बदलून श्री विजयपुरम झालं. सासूबाईंनी पेपर वाचता वाचता विचारलं, "अगं, आपली तिकिटं तर पोर्ट ब्लेअरची आहेत. चालतील का आता?" चालतात. पण घोळ होतो तो बेटांच्या नावांचा. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप २०१८ मध्येच झालं, तरी हॉटेलवाले जुनं नाव लिहितात आणि बोटीच्या तिकिटावर नवं असतं. मी एका कागदावर तारखा, बोटीच्या वेळा आणि प्रत्येक ठिकाणची दोन्ही नावं लिहून तो सगळ्यांच्या बॅगेत टाकला. नेट असेल तर फोनमध्ये दिसेलच, पण तिथल्या बेटांवर नेटच्या भरवशावर राहू नये. तिकिटं, हॉटेलचं बुकिंग, सगळ्याच्या प्रिंट नेल्या आणि त्या कामी आल्या.

बॅगा भरायला खरी सुरुवात झाली ऐन दिवाळीत. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, भाऊबीज ३ ला आणि विमान ५ ला पहाटेचं. म्हणजे एकीकडे फराळाचे डबे, दुसरीकडे उघड्या बॅगा आणि मधे पाहुणे. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून दोरी, चिमटे, कुलपं, चेनवाल्या जाळीदार पिशव्या आणि साडेतीनशे रुपयांचा लटकता वजनकाटा आणला होता. घरातला माणसांचा काटा यासाठी वापरायचा तर आधी स्वतः उभं राहायचं, मग बॅग घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. त्यात ज्याचं वजन सगळ्यांसमोर जाहीर होतं त्याचा मूड जातो. लटकता काटा घ्या.

कपड्यांबद्दल थोडक्यात. तिथे उकाडा आणि दमट हवा. सुती कपडे आज धुतले तर उद्या संध्याकाळीही ओलसर. पाण्यात जायला मुलांना पातळ नायलॉनचे पूर्ण बाह्यांचे स्विमसूट घेतले, एकेकाला दोन, म्हणजे एक वाळत असताना दुसरा अंगात. बाकी टीशर्ट-चड्ड्या. जीन्स कोणाचीही नाही, नवऱ्याची विमानात अंगावर होती तेवढीच. सासूबाई नऊवारी नेसत नाहीत, पण पाचवारीही बोटीत चढता-उतरताना पायात येते. त्यांनी आपणहून पंजाबी ड्रेस काढले. मुलांसाठी मागून पट्टा असलेले रबरी सँडल घेतले. स्लीपर नकोत. का ते पुढे येईलच.

आता फराळ. आमच्याकडे फराळाशिवाय घर सोडायची पद्धत नाही. चकल्या, शंकरपाळे, भडंग, मेतकुटाची पुडी, लसणाची चटणी. लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही, ते पोटातल्या बॅगेत, बरणीच्या तोंडाला प्लास्टिक लावून, वर दोन पिशव्या. आणि सुक्या खोबऱ्याची वाटी विमानात चालत नाही. त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. सासूबाईंनी चार वाट्या काढून ठेवल्या होत्या, सेल्युलर जेलमध्ये स्वातंत्र्यवीरांच्या कोठडीसमोर ठेवायला. नियम सांगितला तर म्हणाल्या, "खोबरं म्हणजे काय बॉम्ब आहे का?" हा प्रश्न घरातच विचारलेला बरा, विमानतळावर अजिबात नको.

बॉम्बवरून आठवलं. दिवाळीनंतर लगेच विमानाने जाणाऱ्यांनी मुलांचे खिसे उलटे करून बघा. टिकल्या, फुलबाज्या, नागगोळ्या यातलं काहीही कुठल्याच बॅगेत चालत नाही, काडेपेटीसुद्धा नाही. धाकट्याचं टिकल्यांचं पिस्तूल त्याच्या डायनासोरच्या सॅकमध्ये तळाशी होतं, आणि खेळण्यातलं असलं तरी पिस्तूल हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. ४ तारखेच्या रात्री मी त्याच्या सगळ्या चड्ड्यांचे खिसे पलंगावर झटकले. टिकल्यांच्या तीन लाल गुंडाळ्या, एक विझलेली भुईचक्राची चकती आणि करंजीचा तुकडा निघाला. पिस्तूल आजीच्या कपाटात 'सांभाळायला' ठेवल्यावर तो झोपला.

पॉवर बँक उलट. ती पोटातल्या बॅगेत चालत नाही, हातातच न्यायची. आमच्या पाच जणांत मिळून दोन होत्या, दोन्ही माझ्या पर्समध्ये.

हे सगळं भरताना मी एक गोष्ट ठरवली होती: बॅग कोणाची यापेक्षा ती कधी उघडणार हे महत्त्वाचं. त्यामुळे 'आईची बॅग, बाबांची बॅग' असं केलंच नाही. एका बॅगेत फक्त बेटांवरचं सामान, सगळ्यांचं मिळून. एकीत पोर्ट ब्लेअरचं. एक अर्धी रिकामी, येताना ओल्या-मळक्या कपड्यांसाठी. आणि मुलांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये प्रत्येकी एक कपड्यांचा जोड, पाण्याची बाटली, खाऊचा डबा, पत्त्यांचा कॅट किंवा चित्रांची वही. सगळी औषधं माझ्या हातातल्या बॅगेत: थर्मामीटर, तापाचं औषध, ओआरएस, पट्ट्या, धाकट्याचं खोकल्याचं औषध आणि मुलांच्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिलेलं उलटीचं औषध, चिठ्ठीसकट. ही चिठ्ठी आदल्या आठवड्यातच घेऊन ठेवा. दिवाळीत दवाखाने बंद असतात. निघायच्या आदल्या रात्री पोटातल्या सामानाचं वजन ५४ किलो भरलं. मुभा ७५ ची होती, पण मुभा आहे म्हणून भरायचं नाही हे आमच्याकडे नवऱ्याचं ब्रीद आहे. बॅगा उचलायच्या त्यालाच असतात.

५ तारखेला पहाटे लोहगावला पोचलो. पुण्याचं नवं टर्मिनल जुलैमध्येच सुरू झालं होतं आणि मोकळंढाकळं आहे. पण सणाची गर्दी होती. सुरक्षा तपासणीत पाऊण तास गेला. बॅगांना टॅग लावताना तो थेट शेवटच्या विमानतळाचा लागलाय का ते बघून घेतलं, नाहीतर चेन्नईला सामान उतरवून परत द्यावं लागलं असतं. चेन्नईला चार तास काढायचे होते. तिथे धाकट्याने सांबाराची वाटी मांडीवर पालथी घातली आणि पाठीवरच्या सॅकमधल्या कपड्यांचं सार्थक झालं.

चेन्नईहून समुद्रावरून सव्वादोन तास. उतरल्यावर पहिला धक्का उजेडाचा. नोव्हेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, कारण बेटं इतक्या पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच. पुण्यात तेव्हा लख्ख ऊन असतं. मुलांच्या पोटाला घड्याळ कळत नाही, अंधार कळतो. सहा वाजता दोघंही जेवायला मागायला लागली आणि हॉटेलचं जेवण साडेसातला. पुढे रोज संध्याकाळी सहाला फराळाचा डबा उघडायचा असा शिरस्ता पडला. भडंग सगळ्यात आधी संपलं. सकाळी सव्वापाचला उजाडतं, त्यामुळे मुलं पहाटे टक्क जागी. झोपेचे कपडे, गोष्टीची पुस्तकं, टॉर्च वर राहू द्या, बॅगेच्या तळाशी नको.

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल. सातांपैकी तीनच इमारती आता उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. जिने चढून जायचं आणि मधलं पटांगण उन्हाने तापलेलं, तेव्हा टोप्या आणि पाणी हवंच. सासूबाई कोठडीत बराच वेळ उभ्या राहिल्या. खोबऱ्याऐवजी त्यांनी बाहेरून घेतलेली दोन फुलं पर्समधून काढली. थोरलीने तेल काढायचा कोलू बघून विचारलं की हे बैलाचं काम माणसं का करायची. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत होतं. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम बघणार असाल तर डासांचं मलम लावूनच बसा.

७ तारखेला बोट. इथे आमच्या वाटण्या उपयोगी पडल्या. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात परत यायचंच होतं, म्हणून बाकी बॅगा तिथेच ठेवल्या आणि बेटांची एकच मोठी बॅग घेतली. हॉटेलवाल्यांनी पैसे घेतले नाहीत, एका वहीत नोंद करून पावती दिली. जेट्टीवर पाच बॅगा घेऊन उभी असलेली कुटुंबं बघितली की हा सल्ला किती मोलाचा ते कळतं. तिथेही सामान एक्स-रेमधून जातं, ओळखपत्र बघतात, मग बॅगा बोटीच्या एका कोपऱ्यात रचल्या जातात आणि उतरेपर्यंत हाताला लागत नाहीत. खासगी बोटीचं तिकीट माणशी दीड हजाराच्या पुढे. सरकारी बोट खूपच स्वस्त, पण दिवाळीत तिची तिकिटं आम्हाला मिळाली नाहीत.

बोट लागते. आमच्या पाचांपैकी कोणाला लागेल ते आधी सांगता येत नव्हतं. मुलांना जेट्टीवरच औषध दिलं, दूध दिलं नाही, कोरडी चकली आणि आलेपाकाची वडी दिली. हातात कागदी पिशव्या, आत वर्तमानपत्र. दीड तासात मुलं पत्ते खेळत राहिली आणि बोट लागली ती नवऱ्याला. औषध त्याने घेतलं नव्हतं, "मला काय होतंय" म्हणून.

स्वराज द्वीपला राधानगरचा किनारा मऊ वाळूचा, तिथे अनवाणीही चालतं. शहीद द्वीपला मात्र त्या सँडलचं महत्त्व कळतं. लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान बघायला ओहोटीच्या वेळी मेलेल्या प्रवाळाच्या खडकांवरून जावं लागतं. खाली धारदार आणि वर शेवाळ. स्लीपरवाली एक मुलगी आमच्या पुढे बसकण मारून रडत होती. ओहोटीची वेळ हॉटेलवाल्यांना आदल्या रात्री विचारा. भरती आली की ती वाट पाण्याखाली जाते.

दोन्ही बेटांवर रोज संध्याकाळी खोलीबाहेर दोरी बांधून कपडे वाळत घातले. चिमटे नेले नसते तर निम्मे समुद्रात गेले असते. रोख पैसे जवळ ठेवा. किनाऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडे क्यूआर कोड होता, रेंज नव्हती.

पोर्ट ब्लेअरला परतल्यावर बाराटांग. यावर आमच्यात दुमत होतं. हा रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो आणि सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच तो बंद करायला सांगितला होता, तरी चालू आहे. मला मुलांना घेऊन त्या वाटेने जाणं पटत नव्हतं. नवऱ्याला आणि थोरलीला चुनखडीच्या गुहा बघायच्या होत्या. शेवटी ते दोघं गेले आणि सासूबाई, धाकटा आणि मी राहिलो. त्यांनी केलं ते सांगते: पहाटे तीनच्या आधी गाडी निघाली, म्हणून थोरली आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाच्याच कपड्यांत झोपली. नाश्ता डब्यात. जिरकाटांगच्या चेकपोस्टवर फॉर्म, आधारच्या झेरॉक्स आणि मग पहाटेच्या पहिल्या कॉन्व्हॉयसाठी, म्हणजे एकत्र सोडल्या जाणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यासाठी वाट बघत बसायचं. गेट उघडायच्या आधी मुलांना शूला नेऊन आणा, कारण आत पन्नासेक किलोमीटर गाडी थांबत नाही. फोन-कॅमेरे बॅगेत, फोटो काढणं गुन्हा आहे. खिडकीतून खाऊ देणंही. या वेळी तिथे धाकट्याचं आधार लागलं नाही. सव्वाअकराच्या टोकनची ती सकाळ शाळेच्या कामाला येईल.

येतानाची मोठी गोष्ट म्हणजे शिंपले. अंदमानातून प्रवाळ, शंख-शिंपले उचलून आणता येत नाहीत आणि विमानतळावर बॅगा त्यासाठी बारकाईने बघतात. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी वाळूवर शिंपले मांडून रोज एक 'दुकान' थाटायचं, मी फोटो काढायचा, मग दुकान तिथेच सोडायचं. तरी निघायच्या आदल्या रात्री सगळे खिसे आणि सँडलच्या खाचा तपासल्या. प्रवाळाचा एक पांढरा तुकडा नवऱ्याच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत सापडला. तो म्हणतो, आपोआप आला. आम्ही आठवण म्हणून शिंपल्यांच्या वस्तू घेतल्या त्या सागरिका या सरकारी एम्पोरियममधून, बिलासकट, आणि बिल हातातल्या बॅगेत वर ठेवलं. विमानतळावर आमच्या पुढच्या काकांची बॅग उघडायला लावली, आमचं बिल बघून जाऊ दिलं.

परतीचं वजन ५१ किलो भरलं. फराळ संपला होता, त्याची जागा ओल्या टॉवेलांनी घेतली होती. घरी आल्यावर कपडे मशिनमध्ये टाकायच्या आधी गच्चीत दोनदा झटकले, तरी मशिनच्या जाळीत वाळू निघालीच.

न वापरता परत आलेल्या वस्तू: दोन स्वेटर, इस्त्रीचे कपडे, मुलांची पोहण्याची फुगवायची चाकं (तिथे भाड्याने मिळतात), केस वाळवायचं यंत्र आणि थोरलीच्या दिवाळीच्या अभ्यासाची वही, जिचं वजन मी मुद्दाम करून बघितलं, सातशे ग्रॅम. कमी पडल्या त्या: प्लास्टरच्या पट्ट्या, भडंग आणि सुके टॉवेल. लटकता काटा सध्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे. नाताळात त्या नातवंडांना घेऊन केरळला निघाल्यात आणि त्यांच्याकडे अजून खोबऱ्याचं ठरायचंय.